हरहुन्नरी

डेब्रेत्सेन, फेब्रुवारी. उणे अकरा.
एमोके पेशींना भरवते गुलाबी पाणी,
मग सूक्ष्मदर्शकाशी बसते.

हे एन्झाइम, ती नव्या मुलीला सांगते, मुळात शिंपी.
जखम झाली की धावून येणारं,
प्रथिनाला प्रथिन टाचणारं.
शिवाय निरोप्या. शिवाय राखणदार.
एका पगारात किती कामं!

गाठीतही ते तेच करतं:
भोवती घट्ट वीण घालतं,
मरू घातलेल्या पेशीला म्हणतं, थांब.
आणि एके रात्री
दूर यकृताच्या उंबरठ्यावर
पाय रोवायला तिला हात देतं.

"वाईट नाही ते," एमोके म्हणते,
"त्याला कुणी सांगितलंच नाही
जखम कुठे संपते."

खिशात आईचा रिपोर्ट, चार घड्या.
लोकरी हातमोज्याच्या अंगठ्याला भोक.
घरी सुई आहे.
ती शिवत नाही.