पांढरा साका

रात्रीचे तीन दहा. वॉल्विस बे बंदरापासून नऊ मैल.
स्टेशन चौथं, म्हणजे नकाशावरचा ठिपका,
पाण्यावर त्याची खूण कसलीच नाही.
जहाज थांबतं, आणि थांबल्यावरच जास्त हलतं.

विंचवर हिस्किया. केबल सोडताना
आकड्यांकडे बघत नाही, लोखंडाला तळहात लावतो.
"तळ आला की कळतं," म्हणतो,
"दाराबाहेर कुणी उभं असलं की कळतं, तसं."
त्र्याण्णव मीटर.

उघड्या तोंडानं खाली गेलेली बारा नळकांडी
एकेका थरावर मिटत वर येतात.
सातवं मिटलेलं नाही. दर खेपेला सातवंच.
तुयाकुलानं त्याच्यावर कधीचं लिहून ठेवलंय: हट्टी.

तळाजवळच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास.
ती नाक मुरडत नाही.
नळी बाटलीच्या बुडाशी टेकवते,
एकही बुडबुडा आत जाऊ नये म्हणून
स्वतःचा श्वास धरून.
दोन रसायनं, झाकण, उलटसुलट.
प्राणवायू असला तर साका तपकिरी बसतो.
वरच्या थराची बाटली गुळाच्या रंगाची.
मधली, फिक्या चहाची.
शेवटची आम्ही दिव्याखाली धरून बसलो.
पांढरी.
"शून्य लिहू?"
"थांब जरा," ती म्हणाली.
थांबून काही होत नसतं, हे तिलाही ठाऊक.
तरी थांबलो.

हिस्किया दारात, मगावर दोन्ही हात.
"असा वास सुटला की आई पहाटे उठवायची.
शेवंडी चालत यायच्या वाळूवर, श्वासासाठी.
आम्ही पोरं बादल्या भरायचो, हसायचो.
आई एकच बादली भरायची.
मग उरलेल्यांना एकेक उचलून
समुद्राकडे तोंड करून ठेवायची.
त्या पुन्हा वळायच्या."
एवढं बोलून तो विंचकडे गेला.

साडेचारला जाळं. काळा चिखल,
आणि चिखलात गोबी मासे, बोटाएवढे,
आम्ही शून्य लिहिलं तिथूनच आलेले,
जिवंत, जरासे वैतागलेले.
तुयाकुलानं एक मोजपट्टीवर निजवला:
सत्तर मिलिमीटर. शेपटी आपटून त्यानं
एकाहत्तर करून घेतले.

मग वहीत, शून्याच्या पुढे,
शेऱ्याचा रकाना.
जहाज पाचव्या स्टेशनकडे वळलं
तेव्हाही तो कोराच होता,
आणि पेनाचं टोपण तिच्या दातांत.