अठरा जागा

डॉक्टरीणबाई अंगठा टेकवते मानेच्या मुळाशी,
नख पांढरं पडेस्तोवर दाबते.
एवढाच जोर, म्हणते, याहून जास्त नाही.
दुखलं तर सांगायचं, दोसिंदा.

सांगते.
कागदावर एक फुली.

खांद्याच्या कडेला. सांगते.
दुसऱ्या बरगडीपाशी, कोपराच्या जरा खाली,
ढुंगणाच्या वरच्या मांसात, गुडघ्याच्या आतल्या गादीवर.
अठरा जागा आहेत म्हणे, ठरलेल्या.
त्यातल्या चौदा माझ्या आधीच बोलल्या.

कसं दुखतं?

आता काय सांगू बाई.
मानेत ठणकतं. पोटऱ्यांना रग लागते.
पाठ अशी आंबलेली, की रात्री कुणी मला
दगडावर धोपटून वाळत घातलं असावं.
बोटांना मुंग्या. तळव्यांना चुरचुर,
मीठ लागल्यासारखी,
पण मीठ तर चाळीस वर्षं लागतंच आहे.
आणि या सगळ्याच्या तळाशी एक सल,
कुठे म्हणून विचाराल
तर बोट ठेवायच्या आत जागा बदलतो.

तिने लिहिलं : सर्वत्र.

तीन वर्षं झाली.
रक्त चांगलं. सांधे चांगले.
कोरुन्याच्या मोठ्या इस्पितळातल्या माणसाने
एक्स-रे उजेडासमोर धरला,
अभिनंदन केल्यासारखा हसला,
काहीच नाही हो तुम्हाला.
बसने घरी येताना दीड तास
ते काहीच नाही
मी मांडीवर घेऊन बसले होते.

माल्पिकाच्या धक्क्यावर आम्ही जाळी सांधतो,
लाकडी सुई, हिरवा दोरा, खाली सिमेंट.
ढिगात पडलेलं जाळं धडच दिसतं.
दोघींनी दोन टोकं धरून ताणलं
की कळतं, कुठे खडकाने खाल्लंय,
कुठे डॉल्फिन घुसून गेला.
मला कुणी असं उजेडात ताणून धरलं नव्हतं.

झोप?
दहाला पडते, सहाला उठते,
मधली झोप कुणा दुसरीलाच लागते.
सकाळी मुठी वळत नाहीत तासभर,
कॉफीचा पेला दोन्ही हातांनी, लहान पोरासारखा.
पोटाचं काही खरं नसतं.
चादरीची चुणी रुतते. रेडिओ रुततो.
मागच्या ईस्टरला नातीने पाठून मिठी मारली
आणि मी किंचाळले.
तेव्हापासून उशिया दारात थांबते,
विचारते, आजी, आज हात लावू?

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही.
त्याला कागदावर चौकट नव्हती.

डोक्यात धुकं येतं हे मात्र सांगितलं.
समुद्रावरून येतं तसंच, न विचारता.
हातात ती असते, आणि तिचं नाव नसतं.
ती दे गं, ती... लाकडाची...
हेर्मिंदा मान वर न करता म्हणते, सुई.
बाकीच्या एकमेकींकडे बघतात.
आमचं काय दुखत नाही होय, असं एकदा
एकजण बोलली. खोटं नाही तेही.
दुखतंच की त्यांचं. पण रविवारी थांबतं.

फायब्रोमायाल्जिया.
डॉक्टरीणबाईंनी दोनदा म्हणून दाखवलं.
एखाद्या बोटीला शोभावं असं नाव.
मरणार नाही याने, म्हणाली. बरंही होणार नाही फारसं.
रोज थोडं चाला, पोहा जमलं तर, ही गोळी रात्री.
मी कागदाची घडी केली
आणि जिना उतरताना रडले. दुःखाने नव्हे,
म्हणजे, नुसत्या दुःखाने नव्हे.

रात्री एवारिस्तो मॅच बघत होता.
मी मागून त्याच्या खांद्यावर अंगठा टेकवला,
कडेला, बरोब्बर त्या जागी,
आणि दाबला, नख पांढरं पडेस्तोवर.

काय गं?
काही नाही.

मग दुसरा खांदा दाबून पाहिला.
त्याने हात वर करून माझा हात थोपटला,
पडद्यावरची नजर न काढता.
थोपटलेलं दुखलं.
मी हात तिथेच ठेवला.