राज्य कुणावर

खोक्यावर आकडा छापलाय : सात.
ओइवाला मार्चमध्ये आठ पूर्ण होतील,
म्हणजे कागदावर प्रश्न मिटलाय.
पण मी बावीस वर्षं ओउलूत लिफ्ट दुरुस्त करतोय.
आत 'आठ माणसांसाठी' अशी पाटी असली
तरी आधी मी एकटा शिरतो, दार लावतो,
वरखाली जाऊन येतो.

तसाच आज बसलोय. नोव्हेंबर.
दुपारी तीनलाच कुणी दिवा मालवल्यासारखं झालं होतं,
आता तर साडेदहा.
ओइवा झोपलाय. आवाज अगदी बारीक ठेवलाय.

खेळ असा : बंद पडलेलं संग्रहालय, रात्र,
लाकडी बूट घातलेली अंगठ्याएवढी पोरगी
आणि एक रखवालदार, डोक्याच्या जागी कंदील.
कंदील वळतो. उजेड फरशीवरून सरपटत येतो.
बूट घालून चाललं तर टकटक ऐकू जाते,
काढून चाललं तर कळ दाबायला वजन पुरत नाही.
कोडं एवढंच,
उलटसुलट चाळीस प्रकारे विचारलेलं.

सापडल्यावर काय होतं ते मुद्दाम पाहिलं.
कंदिलासमोर उभाच राहिलो.
रक्त नाही, किंकाळी नाही.
तो वाकतो, तिला दोन बोटांत उचलतो, अगदी जपून,
एका खणात ठेवतो
आणि खण बंद करतो.
तो आवाज मला आवडला नाही.
नीट तेल दिलेल्या खणाचा आवाज होता.
करकरला असता तर बरं वाटलं असतं.

लिफ्टमध्ये अडकलेली माणसं अंधाराला भीत नाहीत.
आपण इथे आहोत हे बाहेर कुणाला ठाऊक आहे का,
त्यांना भीती असते ती एवढीच.
रौहा नावाची एक म्हातारी दोन तास अडकली होती,
मी दाराबाहेरून तिला वाटाण्याच्या सूपाची कृती
विचारत राहिलो.
बाहेर येताना म्हणाली, मीठ शेवटी घाल.
खेळात खणाबाहेरून कुणी काही विचारत नाही.
हे मी वीजबिलाच्या पाकिटावर टिपून ठेवलं.

रात्रपाळीवरून सातूचा फोन.
"भीती वाटली का?"
"नाही. पण तिसऱ्या दालनातली लिफ्ट साफ चुकीची आहे,
दोर तुटला म्हणून ती अशी कोसळत नाही, ब्रेक लागतात."
"मी लिफ्टचं विचारलं नव्हतं."

चौथ्या दालनात पडदा काळा झाला क्षणभर
आणि त्या काचेत माझ्या खांद्यामागे, दाराच्या चौकटीत
दोन अनवाणी पाय.
छातीत धस्स झालं. खेळात एकदाही झालं नव्हतं.
सपाता त्याने बाहेर काढून ठेवल्या होत्या.
तिसरी फळी वाजते, ती ओलांडून आला होता.
हे त्याला कुणी शिकवलं?
आणि कधीपासून उभा आहे?

मी वळलो नाही.
मानेवर कंदील तोलून धरल्यासारखा ताठ बसलो,
वळलो तर उजेड त्याच्यावर पडेल,
तो खोलीत पळेल,
आणि खण बंद होईल, तेल दिलेला.

तीनदा सापडलो. चौथ्यांदा सापडणार
एवढ्यात पाठीमागून कुजबुज :
"बूट फेक ना. तो आवाजाकडे जाईल."

फेकला.
रखवालदार गेला, बूट उचलला,
उजेडात धरून फिरवून फिरवून पाहत राहिला,
खेळाला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ.

"बाबा, याला झोपायला घर नाहीये का?"

पाकिटावर या प्रश्नाला जागा नव्हती.
मी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं.
तेवढ्यात पाठीवर थंडगार तळवा : धप्पा!

घ्या. राज्य माझ्यावर.
सरकून खुर्चीत अर्धी जागा केली,
म्हणालो, उद्या शाळा आहे.
तो म्हणाला, आवाज थोडा मोठा कर.