वळणावर

साडेचारला धक्क्यावर रॉइसचा ट्रक आधीच उभा.
ट्रेलर अर्धा पाण्यात, मागचे दिवे पाण्याखाली लाल.
"उशीर केलास, मार्लिस," म्हणतो. केलेला नसतो.
बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
उशीर झाला दोनदा. दोन्ही वेळा बर्फ होतं.

रॉइस माझा जावई. होता.
माजी जावई म्हणावं तर
निवडणुकीत पडलेला माणूस वाटतो,
म्हणून काहीच म्हणत नाही.
बोटीत दोघंच असलं
की नात्याला हाक मारावी लागत नाही.

मका मी आणते. पांढरा, कोवळा,
ट्यूनाच्या तेलात रात्रभर मुरवलेला, वर बडीशेपेचे चार थेंब.
लॉरेल घरात असताना ही बरणी
पोर्चच्या पायरीखाली ठेवावी लागायची.
आता फ्रिजमध्ये असते, लोण्याशेजारी.
कुणी काही बोलत नाही. बोलायला कुणी नाही.

भिंतीपाशी सहाशे फूट पाणी.
आपल्याला त्यातलं ब्याऐंशीपर्यंतचंच हवं असतं,
ऑगस्टमध्ये थंडावा तिथे सुरू होतो.
शिशाचा गोळा सोडायचा, काट्याकडे बघत:
चाळीस, साठ, पंचाहत्तर,
त्याच्यामागे चकाकती पत्री, मग हातभर दोरा,
मग गुलाबी झालर, दोन गळ, आणि एकेका गळाला
एकेक दाणा.

पडद्यावर कमानी दिसतात. कोकॅनी.
समुद्राचा मासा, समुद्र न बघितलेला.
कुणीतरी भिंत बांधली, कुणीतरी पिल्लं सोडली,
आणि हे इथेच मोठे होतात, इथेच चंदेरी,
सप्टेंबरात लाल होऊन ओढ्यात चढतात, मरतात.
त्यांना काय ठाऊक आहे, मला ठाऊक नाही.
रॉइस म्हणतो, धुरावर छान लागतात.

ताशी सव्वा मैल. चालत गेलो असतो
तर लवकर पोचलो असतो.
सरळ जायचं नाही. सापासारखं जायचं,
कारण वळताना बाहेरची काठी वेग घेते,
आतली रेंगाळते,
आणि मासा बहुधा तेव्हाच ठरवतो.

मीही तेव्हाचंच ठरवलं होतं.
पहिल्या वळणावर कॉफी ओतली.
दुसऱ्या वळणावर त्यानं इंजिनाबद्दल काही सांगितलं, बराच वेळ.
तिसऱ्यावर एक ससाणा,
त्याच्याकडे दोघांनीही गरजेपेक्षा जास्त बघितलं.

चौथं डावीकडे. सुळक्याची सावली अंगावर आली
आणि मी म्हटलं,
"लॉरेलला मुलगी झाली. मंगळवारी."

तेवढ्यात माझी काठी सरळ झाली.
हे इथलं उलटं असतं:
ओझ्यानं ती आधीपासूनच वाकलेली असते,
मासा लागला, चिमटा सुटला
की ताठ उभी राहते, आणि क्षणभर
काहीच नाही असं वाटतं.

"ओढू नकोस," रॉइस म्हणाला. "नुसती फिरव."
मला माहीत होतं. ओठ ओल्या कागदाचा असतो त्यांचा,
मी त्याला शिकवलं होतं ते,
लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात.
मी फिरवत राहिले. तो जाळी घेऊन वाकला,
पाण्याकडे बघत. माझ्याकडे नाही.

"वजन?"

मासा अजून वर आला नव्हता.

"सात पौंड, काही औंस," मी म्हटलं.
"चांगलं आहे," तो म्हणाला.
"चांगलं आहे ते," पुन्हा म्हणाला,
आणि जाळी अशी खाली घातली
जसा कुणी झोपलेल्याच्या अंगावरून हात काढतो.

मासा सव्वा पौंडाचा. खवले त्याच्या मनगटाला चिकटले.
बर्फात ठेवला, झाकण लावलं, झाकणावर हात ठेवून
जरा बसला.

मग उठून माझ्या गळाला दोन दाणे लावले,
गोळा सोडला, काटा वाचला मोठ्यानं, सगळा,
ब्याऐंशीपर्यंत.
"बाहेरच्या काठीला लागला," म्हणाला.
"म्हणजे हळू चाललो होतो आपण."
आणि वेग कणभर वाढवला.