डांबराच्या कडेला

सर्टिफिकेट माझ्या बॅगेत आहे:
चौदा हजार दोनशे चौरस मीटर, शिक्का, सही,
नकाशावर हिरवा रंग.
सुरुंग काढणारी पोरं जाताना त्या बागेत
फुटबॉल खेळून गेली,
मुद्दाम, गावानं बघावं म्हणून.
गावानं बघितलं.
डांबरी रस्त्यावर उभं राहून.

नऊ वर्षं झाली त्याला.
हायरुदीन अजून रस्त्याच्या मधोमध चालतो,
ट्रक आला तर ट्रकनं थांबायचं.
गवताला पाय लावत नाही.
लघवीलासुद्धा कडेला उतरत नाही,
डांबरावरच उभा राहतो, आणि मग लाजतो.
मुलगा युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी जन्मला,
तोही तसाच चालतो.
नातू रांगत रांगत फरशीच्या कडेशी येतो
आणि थांबतो.
कुणी शिकवलं, असं विचारलं
की घरातले सगळे एकमेकांकडे बघतात.

सारायेवोहून फॉर्म येतो.
तुम्हाला किती सुरक्षित वाटतं? एक ते पाच.
हायरुदीन म्हणाला,
कुठे उभा राहून सांगू?

घाबरू नका, असं मी म्हणत नाही.
ते पोलिसांनी म्हणून झालंय, इमामांनी, जावयानंही.
मी म्हणाले, तुमची भीती हुशार होती.
त्र्याण्णवला भाऊ गेला त्या बागेत, पंच्याण्णवला गाय.
तेव्हा शेजारी खोटं बोलले, रेडिओ खोटं बोलला,
ही एकटी खरं बोलली.
तिला हाकलायचं नाही.
म्हाताऱ्या राखणदाराला सांगतात तसं सांगायचं,
बाबा, आता रात्रपाळी नको.

तो हसला नाही. पण गुरुवारी खुर्ची घेऊन आला.

पहिल्या गुरुवारी खुर्ची डांबरावर.
कॉफी प्यायलो, हवेबद्दल बोललो.
चौथ्या गुरुवारी मागचे दोन पाय डांबरावर, पुढचे दोन गवतात.
तो तिरका बसला, स्वतःचे पाय वर धरून,
लहान मूल खोल पाण्याकडेला बसतं तसा.
कप कलंडला. कॉफी गवतात गेली.
आम्ही दोघंही ऐकत राहिलो.
काही झालं नाही.

सातव्या गुरुवारी शेफिका कॉफी घेऊन आली.
फरशीवरून नाही.
बागेतून, सरळ, आलुबुखाराच्या फांद्या चुकवत,
हातात तबक, डोळे कपांवर.

किती वर्षं? त्यानं विचारलं.
सत्त्याण्णवपासून, ती म्हणाली.
घरात दोन पोरी होत्या, साखर होती, फळ नव्हतं.
पण तेव्हा तर बाग…
गाईनं दाखवलं होतं ना, कुठवर जाता येतं.

सत्तावीस हिवाळे.
रोज सकाळी पावावर तो मुरंबा.
त्यानं कधी विचारलं नव्हतं फळ कुठलं,
की विचारायचंच नव्हतं, मला माहीत नाही.

हायरुदीन उठला.
तोंडात येईल ते बोलत, खुर्चीला लाथ मारून
घराकडे निघाला, रागाच्या भरात, जवळच्या वाटेनं.
मी पावलं मोजली. अकरा.
बाराव्याला त्यानं खाली बघितलं.

पुढे घर, मागे रस्ता, मध्ये तो,
गुडघाभर गवतात.
शिकले होते ते सगळं मी त्या क्षणी विसरले.
शेफिकानं तबक खुर्चीवर ठेवलं, त्याच्याकडे गेली.
हात धरला नाही.
शेजारी उभी राहिली नुसती, तोंड झाडांकडे करून.
सावकाश, म्हणाली, घाई कुणाला आहे.

आणि मला आठवलं,
माझ्या कपाटात या घराच्या तीन फायली आहेत:
बाप, मुलगा, थोरली मुलगी.
शेफिकाची नाही.
ती चालते म्हणून तिला कुणी विचारलंच नव्हतं,
एक ते पाच.

संध्याकाळी मी फॉर्म भरला.
हायरुदीनच्या चौकटीत आकडा घातला नाही.
गवतात उभा आहे, एवढंच लिहिलं.

ऑफिसनं परत पाठवलाय.
आकडा हवा म्हणतात.