दोन चॅनेल, वीस मेगाहर्ट्झ

अंबड लिंक रोडवर, पत्र्याच्या शेडमध्ये
मुश्ताकनं तीन ऑसिलोस्कोप मांडले फळीवर.
"खैरनारताई, कोणताही उचला, तिन्ही चालू."
चालू म्हणजे दिवा लागतो. एवढंच.

पहिला जर्मन, शंभर मेगाहर्ट्झचा, बटणंच बटणं.
मी इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्त करते,
फार तर एखाद्या मंडळाचा अँप्लिफायर.
शंभराचं मला काय करायचंय?
आणि त्यातली एखादी आयसी गेली
तर ती आता या जगात मिळत नाही.

दुसरा देखणा. पण पडद्याच्या मधोमध
फॉस्फर जळून उमटलेली तपकिरी रेघ.
कुठल्या तरी रात्रपाळीत
सिग्नलची वाट बघत कुणी तसाच सोडला असणार,
वर्षानुवर्षं.
त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
मग नको म्हटलं.

तिसरा बोजड, पुण्याचा की ठाण्याचा, पाटी गळून पडलेली.
बटण दाबलं. धूळ तापल्याचा वास.
अर्ध्या मिनिटानं हिरवा ठिपका आला,
मोतीबिंदूची पट्टी काढल्यावर डोळा उघडावा
तसा, बिचकत.
नॉब फिरवला तर लाट थरथरली. ते चालतं,
कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की जातं.
ट्रिगर लावला, चौकोनी लाट जागच्या जागी थांबली,
एक कोपरा जरासा झुकलेला.
प्रोबच्या टोकाला बोट लावलं
आणि शेडमधली पन्नास हर्ट्झची वीज
माझ्या अंगातून पडद्यावर डोलायला लागली.
"ताई, तुमचंच काळीज का हे?"
"नाही रे, महावितरणचं."

मग झाकण उघडायला लावलं.
आत, ट्रान्सफॉर्मरजवळ, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
'सी-४१२ बदलला. तरी गुणगुणतो.
निकुंभ, ९-३-९१'

तिथंच ठरलं.
ज्याचा दोष कुणी लिहून ठेवलाय
त्याच्याशी निभावता येतं.

साडेतीन हजार सांगितले, एकवीसशेवर आला.
उंटवाडीपर्यंत रिक्षात मांडीवर आणला,
गतिरोधक दिसला की दोन्ही हातांनी धरून.

टेबलावर ठेवला, तर रेघ तिरपी.
शेडमध्ये तोंड उत्तरेला होतं, इथं पूर्वेला;
पृथ्वीचं चुंबकत्व तेवढ्यानंही ओढतं तिला.
त्यासाठी पुढच्या पट्टीत एक भोक असतं, आत स्क्रू.
पाव वळसा. अजून थोडा.
रेघ आडवी झाली.

गुणगुणतोय.