रीडिंग

सळई टोचायची, अडेपर्यंत.
अडली की अंगठा मातीच्या रेषेवर धरायचा,
वर काढायची, वाचायचं.
एवढंच काम. अकरा बाय अकरा,
एकशे एकवीस पिवळी निशाणं,
मधे गुडघाभर गवताचे गड्डे आणि डास.
"एकसष्ट," मी ओरडतो.
"एकसष्ट," मार्टा पेन्सिलीने लिहिते.
इथल्या दमट हवेत पेन रुसतं.

एकोणतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले.
फाटकामागचं कुत्रं, जिन्याखालचा काळोख,
काचेवरची धूळ थुंकीने पुसून पाहिलेला आकडा.
लोक भांडायचे :
एवढे युनिट जळलेच कसे,
आम्ही तर महिनाभर घरातच नव्हतो.
इथे कुणी भांडत नाही.
गोठलेली जमीन किती खाली गेली
ते सांगते, आणि गप्प बसते.

फंडातून तिकीट काढलं तेव्हा मुलगा म्हणाला,
बाबा, लोक युरोप बघतात पंधरा दिवसांत,
तुम्ही चिखल मोजायला चाललात, तोही फुकट.
चार विमानं बदलून आलो.
त्यांच्या धुराला रकाना कुठला, विचारलं मार्टाला.
तिने कागद उलटा करून पाहिला,
खरंच पाहिला.

फ्लॉसी नागीआक उंचवट्यावर बसते, मांडीवर बंदूक.
अस्वलावर लक्ष ठेवायला तिला रोज मिळतो.
पण बहुतेक वेळ ती अकपिक वेचते,
पिकलेली, केशरी, ओंजळभर,
आणि माझ्या टोपीत ओतते.
मी तिला सांगायला गेलो, आमच्या भाषेत
धक्का बसला की म्हणतात,
पायाखालची जमीन सरकली.
ती म्हणाली, माझ्या ओट्यावर कांदा ठेव,
रोज पूर्वेकडे घरंगळतो.
धक्का कसला त्यात. फळी ठोकली कडेला.

संध्याकाळी (संध्याकाळ घड्याळात, सूर्य तसाच)
तिने लाकडी झाकण उचललं.
आजोबांनी कुदळीने खोदलेलं तळघर,
शिडीच्या अठरा पायऱ्या.
पूर्वी भिंतींना बोटभर तुषार असायचा,
व्हेलचं मांस वर्षभर जसंच्या तसं.
मी विजेरी खाली मारली.
चौदाव्या पायरीपासून पाणी.
पाण्यात माझाच उजेड हलत होता.
वास आला, गोडसर, नकोसा.
फ्लॉसी म्हणाली, बंद कर आता, थंडी बाहेर जाते.
मग आपल्याच बोलण्यावर हसली,
पण थोडं उशिरा.

मांस आता घरामागे, पांढऱ्या फ्रीझरमध्ये.
दोन फ्रीझर. तिसरा भावाचा.
ते गुरगुरत होते,
आणि भिंतीवर, कमरेच्या उंचीला,
मीटर.
हात आपोआप खिशाकडे गेला.
अंगठ्याने काच पुसली, आकडा वाचला मोठ्याने,
मराठीत.
तळघराला मीटर नव्हता.
हे मी बोललो नाही.
तिने विचारलं, बरोबर आहे का?
मी म्हटलं, बरोबर आहे.
"तेच तर," ती म्हणाली, आणि चहाला आत गेली.

आज अठ्ठ्याऐंशीव्या निशाणाला सळई अडलीच नाही.
दोन्ही हातांनी रेटली.
मूठ मातीला टेकली, खाली अजून मऊच.
एकशे वीस सेंटिमीटर संपले.
मार्टा पेन्सिल धरून उभी.
आमच्या वहीत खूण असायची, दा. बं.,
दार बंद.
घर कुलूपबंद असलं की ती लिहून
मागच्या तीन महिन्यांची सरासरी टाकायची, पुढे चालायचं.
उघड्या दाराची खूण कुणी शिकवली नाही.

उंचवट्यावरून फ्लॉसीने हाक मारली, किती?
वारा होता, आकडा पोचला नसता.
मी सळई उपसली, उभी धरली स्वतःशेजारी,
आणि चिखल कुठवर आलाय ते
तळहात आडवा धरून दाखवलं,
जसं दुरून कुणी विचारलं
मूल केवढं झालं, तर दाखवतात.